स्वतंत्र पक्ष : ज्यांच्यासाठी बोलला त्यांच्या दारात का आला नाही?

पूर्वभाग_मागवाला

नमस्कार मंडळी. परवा रात्री पुतणी एमपीएससीचं वाचत बसली होती, मी शेजारी हिशोब करत होतो. तिनं विचारलं, काका स्वतंत्र पक्ष म्हणजे काय ओ? गाईडात एकच ओळ आहे, राजेमहाराजे आणि उद्योगपतींचा उजवा पक्ष, १९५९ ते १९७४. म्हणलं दाखव. खरंच एकच ओळ. ते काय डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

ज्या पक्षाच्या १९६७ ला लोकसभेत ४४ जागा आल्या, काँग्रेसखालोखाल दुसरा नंबर, जनसंघाच्या तेव्हा ३५ होत्या, तो पक्ष पुढच्या सात वर्षांत नावासकट संपला. आणि संपला तर संपला, तो काय म्हणत होता हे पण कुणाला माहीत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

थोडक्यात सांगतो. जानेवारी १९५९ ला नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, तिथं सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला, म्हणजे जमिनी एकत्र करून शेती करायची. त्यावर राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, उठले. पहिले भारतीय गव्हर्नर जनरल, मद्रासचे माजी मुख्यमंत्री, भारतरत्न मिळालेला माणूस, ऐंशीच्या घरातलं वय. त्या वयात नवा पक्ष काढला, जूनमध्ये मद्रासला घोषणा आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पहिलं अधिवेशन. सोबत मिनू मसानी, एन. जी. रंगा, कन्हैयालाल मुन्शी. २१ तत्त्वं ठरवली आणि त्यातच लिहून ठेवलं की या तत्त्वांबाहेरच्या विषयावर सभासदाला स्वतःचं मत ठेवायची पूर्ण मोकळीक. आजच्या कुठल्या पक्षात हे चालेल सांगा. निशाणी तारा.

राजाजींचा एक शब्द सगळ्यांना माहीत आहे पण त्यांचा आहे हे माहीत नसतं, परमिट-लायसन्स-कोटा राज. मंडळी, हा शब्द आमच्या घरात रोज जगलेला आहे. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणारं, पद्मशाली म्हणजे विणकर. आजोबांना आम्ही तातय्या म्हणायचो. हातमागावरून ते यंत्रमागावर आले, चार मागांचं परमिट होतं आणि माग सहा. दोन माग मागच्या खोलीत, तपासणीला कोण आलं की ते बंद करून वर चादरींचे गठ्ठे रचायचे, माझे वडील दहा-बारा वर्षांचे असतील, त्यांचं काम गल्लीच्या तोंडाला उभं राहून बघायचं. चोरी कशाची, तर काम करायची. सूत कोट्यावर, कोट्याचं सूत कमी पडलं की बाजारात चढ्या भावानं घ्यायचं. तातय्या शिकलेले नव्हते, परमिट राज हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी ऐकला नसेल.

आता माझा प्रश्न. या पक्षाचे पहिले अध्यक्ष रंगा हे गुंटूर जिल्ह्यातले शेतकरी नेते, बोली तेलुगू, आणि तरुणपणी हातमाग विणकरांच्या अर्थकारणावर त्यांनी अभ्यास करून पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे ज्या माणसाला आमचा धोटा, आमचं सूत, आमचा सावकार सगळं कळत होतं आणि जो आमच्याशी आमच्या भाषेत बोलू शकला असता असा माणूस अध्यक्ष, आणि तरी आमच्या गल्लीत या पक्षाचं कुणी आल्याचं घरात एकालाही आठवत नाही. वडिलांना विचारलं, म्हणाले लाल बावट्याचे म्हणजे कम्युनिस्ट यायचे, काँग्रेसचे यायचे, ताऱ्यावाले कोण?

असं का झालं? जाणकारांनी लिहा.

सीनाकाठ

दादा चांगला विषय. मी मोहोळ तालुक्यातला, शेती. माझं मत सांगतो, शहरातलं तुम्ही बघा.

नागपूर ठरावाची भीती गुजरातेत पसरली, आंध्रात पसरली, आपल्याकडं तेवढी पसरली नाही कारण आपल्याकडं सहकार म्हणलं की शेतकऱ्याला जमीन जाणं आठवत नव्हतं, सोसायटीचं पीककर्ज आणि साखर कारखाना आठवत होता. प्रवरेचा कारखाना १९५० ला सुरू झालाय. आपल्या जिल्ह्यात पण अकलूजकडं त्याच काळात कारखाना उभा राहत होता. बांध आपला, सातबारा आपल्या नावावर आणि गाळप एकत्र. सहकारी शेती वेगळी आणि सहकारी कारखाना वेगळा हे राजाजींनी सांगून पण आमच्या आज्ज्याला पटलं नसतं, त्याच्या डोळ्यासमोर धुराडं उभं होतं.

दुसरं म्हणजे वेळ. १९५९ साल म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अजून पेटलेली. गावागावात लोक एकच विचारत होते, मुंबई कधी मिळणार. त्यात मुंबईत भरलेलं इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या लोकांचं अधिवेशन कोण बघतंय. विरोधात जायचं तर समितीत जागा होती, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष होता, प्रजासमाजवादी होते. १ मे १९६० नंतर यशवंतरावांनी बहुजन समाजातला कर्ता माणूस हेरून काँग्रेसमध्ये घेतला. मग स्वतंत्र पक्षाला उरलं कोण?

तिसरं जरा नाजूक आहे. कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ नंतर जमिनी कुळांच्या नावावर झाल्या. आमच्या गावात जी घरं जमीन गेली म्हणून नाराज होती ती स्वतंत्र पक्षाच्या बाजूनं बोलायची असं वडील सांगायचे. पण ज्याला जमीन मिळाली तो कसा येईल त्यांच्याबरोबर? आणि गावात मतं जास्त कुणाची?

लेक_विडीवालीची

मागवाले दादा, तुमच्या घरातली गोष्ट वाचली, गल्लीच्या तोंडाला उभा राहिलेला पोरगा डोळ्यासमोर आला. त्या धाकाबद्दल मी वाद घालणार नाही.

पण त्याच पूर्व भागात आमचं पण घर आहे. माझी आई विड्या वळायची, वडील एका चादर कारखान्यात कामाला, रोज बारा तास उभं. तुमच्या तातय्यांच्या सहा मागांवर काम करणाऱ्यांची हजेरी कुठं लागत होती का? पगारी सुट्टी होती का? स्वतंत्र पक्षाच्या २१ तत्त्वांत माझ्या आईला काय होतं ते सांगा. सोलापुरात लाल बावटा रुजला तो उगाच नाही. जुनी गिरणी १८७७ ची, नंतर लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, हजारो कामगार, १९३० चा मार्शल लॉ बघितलेलं गाव हे. इथं येऊन सरकारनं बाजूला व्हावं म्हणणारा पक्ष कामगाराला कुणाचा वाटणार? मालकाचाच वाटणार.

आणि परमिटचं पण एक आहे. यंत्रमागावर बंधनं होती ती हातमाग वाचावा म्हणून होती. एक यंत्रमाग आला की कितीतरी हातमाग बसतात. तुमचे आजोबा हातमागावरून वर गेले, ज्यांना जाता आलं नाही त्यांचं काय झालं ते पण आपल्याच गल्लीतलं आहे की.

पूर्वभाग_मागवाला

ताई, तुमचं म्हणणं मला लागलं आणि ते बरोबर आहे. आमच्याकडं हजेरी लागत नव्हती, मान्य करतो. वहीत नाव असायचं आणि उचल असायची बास.

हातमागाचं पण मान्य, १९८५ ला तर कायदाच झाला काही प्रकारचं कापड हातमागासाठीच राखून ठेवायचा. पण ताई ज्या मागाला परमिट नाही तो माग काही बंद राहिला नाही, तो लपून चालला. लपून चाललेल्या मागावरच्या कामगाराची हजेरी कशी लागणार? मालक सरकारला भिणार, कामगार मालकाला भिणार, कामगाराला दाद मागायची तर आधी माग आहे हे कुणीतरी कबूल करायला पाहिजे. परमिटनं मोठ्याला काही झालं नाही, त्याचा माणूस मुंबई-दिल्लीला जाऊन बसायचा. मसानी लोकसभेत हेच सांगायचे, लायसन हे आधीपासून बसलेल्या मोठ्याला संरक्षण आहे. मोठ्या उद्योगपतींचा पैसा कायम काँग्रेसकडंच जास्त जायचा हे विसरू नका, ज्याला लायसन पाहिजे तो लायसन देणाऱ्यालाच धरणार.

माझं दुःख हे आहे की हे वाक्य सहा मागवाल्याला आणि त्याच्या कामगाराला दोघांनाही सांगता आलं असतं. सांगायला कोण आलंच नाही.

निवृत्त_मास्तर

सर्वांना नमस्कार. तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले, म्हणून थोडे आकडे आणि थोडे मत.

१९६२ ला लोकसभेत १८ जागा, पावणेआठ टक्क्यांच्या आसपास मते. तीन वर्षांच्या पक्षाला हे मोठे यश. १९६७ ला ४४ जागा, मते ८.६७ टक्के. म्हणजे मते फार वाढली नाहीत, जागा अडीचपट झाल्या. याचे कारण आघाड्या आणि विशिष्ट प्रदेशात एकवटलेली ताकद. १९७१ ला ८ जागा, मते ३ टक्के. ऑगस्ट १९७४ ला चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन. राजाजी तोपर्यंत नव्हते, डिसेंबर १९७२ मध्ये गेले.

ही ताकद कुठे होती ते बघा. ओरिसात १९६७ ला स्वतंत्र पक्षाचे राजेंद्र नारायण सिंहदेव मुख्यमंत्री झाले, ते स्वतः पूर्वीचे संस्थानिक. राजस्थानात जयपूरच्या गायत्रीदेवी, १९६२ ला जवळपास अडीच लाख मतांपैकी १ लाख ९२ हजार मते त्यांना एकट्यांना. बिहारात रामगढचे राजे, १९६२ ला ५० आमदार, आणि राजांनी पक्ष सोडला तसा तिथला पक्ष जवळपास पुसला गेला. पक्षाला मुळे नव्हती, त्याने दुसऱ्याच्या वाड्यातली झाडे आपली म्हणून मोजली. राजाची प्रजा राजाला मत देत होती, २१ तत्त्वांना नाही.

याला मोठा अपवाद गुजरात. तिथे भाईलालभाई पटेल, भाईकाका म्हणतात त्यांना, पेशाने इंजिनिअर, वल्लभ विद्यानगर उभे करणारा माणूस. त्यांनी शेतकऱ्यांत आणि क्षत्रियांत घरोघर काम केले, १९६७ ला विधानसभेच्या १६८ पैकी ६६ जागा आणल्या. महाराष्ट्रात त्याच वेळी शून्य. १९६२ लाही शून्य. भाईकाका आपल्याकडे झाला नाही, एवढे सरळ कारण मला दिसते.

मराठी माणूस नव्हता असे मात्र नाही. नारायण दांडेकर, आयसीएस अधिकारी, नोकरी सोडून या पक्षात आले आणि लोकसभेत आर्थिक विषयांवर सरकारला भंडावून सोडले. पण ते निवडून कुठून आले, तर उत्तर प्रदेशातल्या गोंड्यातून आणि नंतर गुजरातेतल्या जामनगरहून! गोंड्याला आधी पाचशेपेक्षा कमी मतांनी हरले, निवडणूक अर्जावर लढून निकाल फिरवून घेतला. एवढ्या चिकाटीच्या माणसाला महाराष्ट्रात उभे राहायला एक तालुका नव्हता.

मसानींबद्दलही सांगतो. हा माणूस तरुणपणी कट्टर समाजवादी. जयप्रकाशांबरोबर नाशिकच्या तुरुंगात होता, तिथे काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना निघाली आणि १९३४ ला जो पक्ष झाला त्याच्या संस्थापकांत हे. रशियात स्टालिनने काय चालवले ते कळत गेले तसा माणूस बदलला. आपण चुकलो हे जाहीर सांगून उलट्या बाजूला उभे राहायला फार मोठे मन लागते.

अभ्यासिका_२३

सर एक विचारू का, १९६७ ला एवढं चांगलं चाललं होतं मग चारच वर्षांत ४४ चे ८ कसे झाले? फक्त गरिबी हटाओ मुळे?

पूर्वभाग_मागवाला

बाळा याचं उत्तर सर देतीलच पण मला आमच्या घरातलं उत्तर माहिती आहे, ते आधी देतो, आणि ते माझ्या स्वतःच्या मताच्या विरुद्ध जातं तरी देतो.

१९ जुलै १९६९ ला इंदिराबाईंनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्याच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेले रुस्तम कूपर, ते स्वतंत्र पक्षाचे, एका बँकेचे संचालक आणि भागधारक. वकील नानी पालखीवाला. फेब्रुवारी १९७० ला कोर्टानं कायदा रद्द केला. कायद्याच्या दृष्टीनं फार मोठा निकाल, मूलभूत हक्कांच्या बाबतीत आजही शिकवतात. सरकारनं लगेच वटहुकूम काढून नवा कायदा केला ते वेगळं.

पण तातय्यांच्या दृष्टीनं काय झालं? आयुष्यभर सूत सावकाराकडून उधार, चादर त्यालाच द्यायची, भाव तो सांगेल तो. बँकेची पायरी कधी चढले नव्हते. त्या दोन-तीन वर्षांत पहिल्यांदा बँकेचा माणूस गल्लीत आला, फॉर्म भरून घेतला, अंगठा घेतला, आणि मागावर कर्ज दिलं. वडील सांगतात त्या दिवशी तातय्यांनी घरी गोड करायला लावलं. १९७१ ला मत कुणाला दिलं असेल हे विचारायलाच नको.

बघा, ज्याला परमिटनं छळलं त्यालाच बँकेनं हात दिला, आणि दोन्ही एकाच सरकारनं केलं. स्वतंत्र पक्ष परमिटविरुद्ध बरोबर बोलत होता पण तेव्हा तो गल्लीत नव्हता, आणि जेव्हा त्याचं नाव पेपरात मोठं आलं तेव्हा ते बँकांच्या भागधारकांच्या बाजूनं आणि संस्थानिकांना सरकार द्यायचं त्या तनख्याच्या बाजूनं आलं. करार पाळला पाहिजे, सरकारनं दिलेला शब्द मोडू नये, हे त्यांचं म्हणणं तत्त्व म्हणून मला आज पटतं. त्या वेळी चार मागवाल्याला ते कसं ऐकू गेलं असेल याचा विचार त्या पक्षातल्या शहाण्या लोकांनी करायला पाहिजे होता.

लेक_विडीवालीची

हे लिहिल्याबद्दल आभार दादा. माझ्या आईला पण बँकेचं पासबुक त्याच काळात कधीतरी मिळालं, त्यावरचा फोटो हा तिचा पहिला फोटो.

निवृत्त_मास्तर

मागवाल्यांनी दिलेले उत्तर मी वर्गात दिले असते त्यापेक्षा चांगले आहे. फक्त भर घालतो.

१९७१ ला बडी आघाडी झाली. संघटना काँग्रेस म्हणजे फुटीनंतरचा इंदिराविरोधी काँग्रेस गट, जनसंघ, संयुक्त समाजवादी आणि स्वतंत्र. आता बघा, बँका सरकारी करा म्हणणारे समाजवादी आणि करू नका म्हणणारे स्वतंत्र एका व्यासपीठावर. कार्यक्रम एकच, इंदिरा हटाओ. बाईंनी फिरवून उत्तर दिले, ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरिबी हटाओ. काँग्रेस ३५२ वर गेली. ज्या पक्षाची एकमेव पुंजी त्याचा स्पष्ट विचार होती त्याने ऐन वेळी ती पुंजीच बाजूला ठेवली. मसानी स्वतः राजकोटला हरले, अध्यक्षपद सोडले. रंगाही हरले आणि पुढे परत काँग्रेसमध्ये गेले. ज्या रंगांची मागवाले वाट बघत होते ते असे परत फिरले.

पिलू मोदी राहिले. गोध्र्याहून १९६७ आणि १९७१ दोन्ही वेळा निवडून आले. मोठ्या देहाचा, मोठ्या आवाजाचा, निर्भय माणूस. विरोधकांना परदेशी हेर ठरवायची पद्धत पडली तेव्हा हा माणूस छातीवर मी सीआयए एजंट अशी पट्टी लावून संसदेत गेला. आणीबाणीत तुरुंगात गेला. पण पक्ष वाचवायला एकटा माणूस पुरत नाही.

सांगोलेकर

सर, शेवटच्या वाक्यावर जरा थांबतो. एकटा माणूस पुरत नाही म्हणता, आमच्या सांगोल्यात पुरला की.

गणपतराव देशमुख, आमचे आबा. शेकाप. १९६२ ला पहिल्यांदा आमदार आणि मग एकूण ११ वेळा, फक्त १९७२ आणि १९९५ ला पडले. राज्यात शेकाप आटत आटत गेला, रायगडचा भाग सोडला तर नावाला उरला, पण सांगोल्यात आबा होते तोवर पक्ष होता. का, तर आबा एसटीनं यायचे, लग्नाला, मयताला, पाण्याच्या बैठकीला. दुष्काळी तालुका, टेंभूचं पाणी, म्हैसाळचं पाणी, याच्यासाठी परिषदा घेऊन घेऊन माणूस म्हातारा झाला. शेकापचा मार्क्सवाद तालुक्यात किती जणांना सांगता आला असता मला शंका आहे, पण आबा माहीत होते.

स्वतंत्र पक्षाकडं विचार होता, पुस्तकं होती, इंग्रजी मासिकं होती, वकील तर देशातले सगळ्यात चांगले. एसटीत बसणारा माणूस दाखवा मला.

बार्शीची_माई

एवढा वेळ वाचत होते, आता राहवत नाही. सांगोलेकर दादा, तो माणूस होता. उशिरा आला, वेगळ्या नावानं आला, पण आला.

मी शेतकरी संघटनेची. नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला महिलांचं अधिवेशन झालं तेव्हा सासूबाईंबरोबर ट्रकमध्ये बसून गेले होते, कडेवर लेकरू, फडक्यात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. एवढ्या बाया एका जागी मी त्याआधी बघितल्या नव्हत्या, वारीत सोडून. संघटनेचे नेते शरद जोशी, आमचे साहेब, यांनी तिथं आणि नंतर लक्ष्मीमुक्ती मोहिमेत सांगितलं की घरच्या बाईच्या नावावर जमीन करा, आणि आमच्या ओळखीतल्या लोकांनी खरंच केली. हक्क म्हणजे काय ते मला पुस्तकानं नाही, माझ्या नावाच्या सातबाऱ्यानं कळलं.

हा माणूस स्वित्झर्लंडमधली युनोची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला होता. चाकणचं कांदा आंदोलन, मग नाशिकचं, मग निपाणीचं तंबाखूचं. भीक नको हवे घामाचे दाम. राजाजी मद्रासमधून जे परमिट राज म्हणत होते तेच हा मराठीत, बाजारसमितीच्या दारात, कांद्याच्या ढिगावर उभं राहून सांगत होता. सरकारनं निर्यातबंदी लावली की भाव पडतो, मग कर्ज होतं, मग सरकारच कर्जमाफीची भीक देतं. सोलापूरच्या कांदा बाजारात आजही जाऊन उभं राहा, निर्यातबंदीच्या दुसऱ्या दिवशी, आणि बघा चुकीचं होतं का. सहकारी शेतीचा ठराव १९५९ चा, पण शेतकऱ्याच्या मालावर हक्क कुणाचा हा प्रश्न तोच.

१९९४ ला त्यांनी पक्ष काढला, स्वतंत्र भारत पक्ष. नावात स्वतंत्र मुद्दाम. आम्ही सगळ्या बायांनी काम केलं त्यात. आणि पडलो. सभेला लाख माणूस आणि पेटीत मतं नाहीत. २००४ ला विधानसभेत एकच जागा आली, राजुऱ्याची, वामनराव चटपांची. त्याच वर्षी साहेब शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले आणि त्याच वर्षी राजू शेट्टी बाहेर पडून स्वाभिमानी शेतकरी संघटना झाली. ऊसपट्टा तिकडं गेला. सर म्हणाले ना १९७१ ला पुंजी बाजूला ठेवली, आम्हाला पण तसंच वाटलं होतं तेव्हा. ज्यांच्याशी आयुष्यभर पटलं नाही त्यांच्या मांडीला मांडी. साहेबांची बाजू अशी की संसदेत बोलायला जागा पाहिजे. बोलले पण. मार्च २०१० ला महिला आरक्षणाच्या विधेयकावर राज्यसभेत १८६ विरुद्ध १, तो एक साहेब. मी बाई, मला ते मत पटलं नाही, रडू आलं होतं त्या दिवशी, पण चांदवडला लाखो बायांना उभं करणारा माणूस एकटा उभा राहून नाही म्हणतोय तर त्याच्या मनाला जे पटलं तेच करतोय एवढं कळत होतं.

डिसेंबर २०१५ ला ते गेले. पक्ष आहे म्हणायला आहे.

सीनाकाठ

माई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आम्ही पण लाल बिल्ला लावून फिरलोय. पण एक बोलतो, आंदोलनाला गेलो आणि मत कारखान्याच्या चेअरमनला दिलं असे आम्ही कितीतरी जण. कारण ऊस त्याच्याच काट्यावर जाणार होता, तोड त्याच्याच हातात. साहेबांना मत देऊन ऊस वाळला असता. हे कबूल करायला आज लाज वाटते पण असंच होतं. परमिट फक्त सरकारचं नसतं, ऊसतोडीची चिठ्ठी पण परमिटच आहे.

अभ्यासिका_२३

पण १९९१ नंतर लायसन राज गेलं ना? म्हणजे पक्ष हरला पण विचार जिंकला असं म्हणता येईल का?

निवृत्त_मास्तर

असे पुष्कळ जण लिहितात. मला पूर्ण पटत नाही. १९९१ चा बदल परकीय चलन संपत आले म्हणून झाला, लोकांनी त्यासाठी मत दिले नव्हते. म्हणून तो उद्योगापर्यंत आला आणि शेतीच्या बांधावर थांबला, कांद्याची निर्यातबंदी तशीच राहिली.

आणि एक गोष्ट तुमच्या परीक्षेला उपयोगी पडेल. १९८९ ला लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९ अ हे कलम आले. राजकीय पक्षाची नोंदणी करायची तर संविधानावर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचे पक्षाच्या घटनेत लिहून द्यावे लागते. म्हणजे आज राजाजी जिवंत असते आणि त्यांनी तोच पक्ष काढला असता तर समाजवाद मान्य असल्याचे लिहून द्यावे लागले असते, नाहीतर नोंदणी नाही. स्वतंत्र पक्षाच्या जुन्या मुंबईकर कार्यकर्त्यांनी या अटीला १९९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिले होते. अट आजही आहे. बाकीचे पक्ष खुशाल सही करतात आणि विसरून जातात. खोटी सही करायची नाही म्हणून कोर्टात जाणारी ती मोजकी म्हातारी माणसे, मला त्या पक्षाची खरी ओळख तिथे दिसते.

लेक_विडीवालीची

सर, मी त्या पक्षाला तेव्हाही मत दिलं नसतं आणि आज पण देणार नाही. पण खोटी सही करणार नाही म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.

मागवाले दादा, तुमच्या पुतणीला सांगा गाईडातली ओळ खोटी नाही, अर्धी आहे. राजे होते, उद्योगपती होते. तुमचे तातय्या आणि माझी आई नव्हते. हे दुसरं वाक्य पण वहीत लिहायला सांगा.

पूर्वभाग_मागवाला

ताई, आत्ता तिला वाचून दाखवलं सगळं. माईंचं चांदवड तिला दोनदा वाचायला लावलं. तिनं वहीत लिहिलंय, तुमचं वाक्य जसंच्या तसं, आणि खाली भाईकाका, दांडेकर आणि कलम २९ अ. परीक्षेत येईल न येईल.

वडिलांना पण सांगितलं की पहिला अध्यक्ष तेलुगू होता, आपल्या विणकरांवर पुस्तक लिहिलेला होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ते मागच्या खोलीतले दोन माग, त्यांचं परमिट शेवटपर्यंत झालंच नाही, तातय्या गेले त्या वर्षी आपण ते भंगारात दिले. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

मास्तर, येत्या रविवारी सकाळी हिराचंद नेमचंद वाचनालयात जायचा विचार आहे, १९६२ आणि ६७ च्या निवडणुकीच्या वेळची जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळाली तर सोलापुरात ताऱ्यावर कुणी उभं होतं का ते शोधायचं. तुम्ही आलात तर बरं होईल, मला जुना मजकूर वाचायची सवय नाही. माई, बार्शीहून येणं जमत असेल तर एसटी स्टँडवर मी घ्यायला येतो.